डोळ्यासाठी की कॅमेऱ्यासाठी? छोटी दुर्बीण निवडताना



आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो आहे. "सर, कुठली घ्यायची तेवढं सांगा." म्हणजे व्याख्यान वगैरे ठीक आहे, पण नाव सांगा आणि मोकळे व्हा. नावंही सांगू. पण त्याआधी आमचा उलट प्रश्न असतो, की तुम्हाला तिचं करायचं काय आहे? बघायचं आहे, की फोटो काढायचे आहेत? यावर बहुतेक जण हसून म्हणतात, "दोन्ही." आजचं सगळं बोलणं या 'दोन्ही'बद्दल आहे.

आणखी एक खुलासा. पुढे 'आम्ही' हा शब्द सारखा येईल. तो प्राध्यापकी थाटाचा 'आम्ही' नाही. आम्ही म्हणजे घरातले आम्ही दोघं. एकाने आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, दुसरीने गणित. दोघांचीही सत्तरी उलटली आहे, दुर्बीण दोघांत एक आहे, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शेवटचा मुद्दा गमतीचा वाटेल, पण आमच्या निवडीत त्याचं वजन सगळ्यात जास्त होतं.

सुरुवात एका निराशेपासून करू. मृग नक्षत्रातला तेजोमेघ तुम्ही मोबाइलवर पाहिलेला असतो. गुलाबी, निळा, पिसारा फुलवल्यासारखा. मग कुणाच्या तरी दुर्बिणीला डोळा लावता आणि दिसतो एक राखाडी, फार तर किंचित हिरवट धुराचा पुंजका, मधे चार बारीक तारे. "एवढंच?" हा शब्द आम्ही गच्चीवर इतक्या वेळा ऐकला आहे की आता आम्हीच आधी म्हणून टाकतो. दुर्बीण वाईट नसते. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या पेशींना भरपूर प्रकाश लागतो, तो तिथे नसतो. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जेवढं मिळतं तेवढ्यावर त्याला भागवावं लागतं. कॅमेरा मात्र एकाच जागेकडे मिनिट-मिनिट बघत बसतो, अशी साठ मिनिटं संगणक एकावर एक रचतो, आणि मग तो पिसारा फुलतो. तेव्हा फोटो पाहून दुर्बीण घेणाऱ्याने डोळा लावला तर फसगत, आणि डोळ्याच्या आनंदासाठी घेणाऱ्याने कॅमेऱ्याची दुर्बीण घेतली तरी फसगत. दोन्ही दुर्बिणींची जागा शेवटी माळ्यावर.

आता भिंगाचीच दुर्बीण का, म्हणजे ज्याला रिफ्रॅक्टर म्हणतात ती? आरशाची का नाही? खरं सांगायचं तर त्याच पैशात आरशाची दुर्बीण दुप्पट व्यासाची मिळते, आणि दुर्बिणीत व्यास म्हणजे प्रकाश. ज्याच्याकडे गाडी आहे, अंगात बळ आहे आणि फक्त बघायचं आहे, त्याने खुशाल सहा-आठ इंची डॉब्सोनियन घ्यावी, आमची हरकत नाही. पण आरसे हलतात, त्यांची जुळणी करत बसावं लागतं. भिंगाची नळी बंद असते, जुळणी सहसा बिघडत नाही, पिशवीतून काढली की पाच मिनिटांत चालू. मधे आड येणारा दुय्यम आरसा नाही, त्यामुळे तारे टाचणीच्या टोकासारखे दिसतात. आणि ती लहान करता येते. इथपर्यंत सोपं आहे.

गोष्ट अडते ती रंगाशी. भिंगातून जाताना निळा प्रकाश जास्त वाकतो, तांबडा कमी, त्यामुळे सगळे रंग एका ठिकाणी एकत्र येत नाहीत आणि तेजस्वी वस्तूभोवती जांभळी कड उमटते. हा दोष भिंगाच्या स्वभावातच आहे, तो जाणार नाही, असं न्यूटनने ठरवून टाकलं आणि १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली. न्यूटनसारखा माणूस 'होणार नाही' म्हणाला की पुढच्या दोन पिढ्या प्रयत्न करायचं सोडून देतात. तसंच झालं. पुढे १७३०च्या सुमारास चेस्टर मूर हॉल नावाच्या एका इंग्रज वकिलाने क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा एकत्र आणून दोष बराचसा काढला. गुपित फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगं दोन वेगळ्या कारागिरांकडे घासायला टाकली, आणि त्या दोघांनीही काम एकाच तिसऱ्या माणसाकडे दिलं, असं सांगतात. त्या तिसऱ्याच्या लगेच लक्षात आलं की ही भिंगं एकाच गिऱ्हाइकाची आहेत आणि एकमेकांत बसतात. १७५८ मध्ये पेटंट मात्र जॉन डॉलंडने घेतलं. अशा जोडभिंगाला ॲक्रोमॅट म्हणतात. आजही स्वस्तातल्या बहुतेक भिंगाच्या दुर्बिणी ॲक्रोमॅट असतात.

ॲक्रोमॅट दोन रंग एकत्र आणतो, सगळे नाही. नळी लांब असेल तर उरलेला दोष डोळ्याला जाणवत नाही. ८० मिलिमीटर व्यास आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतर, म्हणजे एफ ११च्या आसपास, अशी जुन्या पद्धतीची दुर्बीण चंद्र-ग्रहांना आजही सुंदर. पण ती सुमारे एक मीटर लांब. तीच ४०० मिलिमीटरवर आखूड केली की जांभळी कड पुन्हा उठून दिसते. आखूड नळी हवी आणि कडही नको, तर वेगळी काच लागते: ईडी काच, जिच्यात रंग कमी फाकतात. बाजारात एफपीएल-५१, एफपीएल-५३, एफसीडी-१०० अशी नावं दिसतील, ती या काचांची. म्हणजे ईडीचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते आखूडपणासाठी. लांब दुर्बीण ठेवायला जागा असेल आणि कॅमेरा नको असेल, तर ते मोजायची गरज नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही. आणि नुसत्या काचेच्या नावावरही जाऊ नका. तिच्या जोडीला दुसरी काच कुठली आहे आणि घासली कशी आहे यावर निम्मा खेळ असतो.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे आधी ८० मिलिमीटरची आखूड ॲक्रोमॅट होती, ४०० नाभीय अंतराची. त्या दुर्बिणीवरून आम्ही काही वर्षं भांडलो. एकीचं म्हणणं, चंद्राच्या कडेला स्वच्छ जांभळी पट्टी दिसते, ही दुर्बीण बदला. दुसऱ्याचं म्हणणं, कुठे आहे पट्टी? चंद्र कसा लोण्यासारखा दिसतो आहे. हा दुसरा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असल्यामुळे त्याने वस्तू आणि तिचा आभास यांवर बराच युक्तिवादही केला. मग त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. महिन्याभराने गच्चीवर चंद्राला डोळा लावला तर उजव्या डोळ्याला जांभळी पट्टी! डाव्याला अजूनही लोणी. दुर्बीण तीच, चंद्र तोच, माणूसही तोच. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि जांभळा-निळा प्रकाश अडवतं. इतकी वर्षं त्या माणसाचा डोळाच दुर्बिणीचा दोष झाकत होता. (बसवलेल्या कृत्रिम भिंगालाही कधी पिवळी छटा असते, त्यामुळे सगळ्यांनाच असा फरक जाणवेल असं नाही.) माफी मागितली, आणि ईडी दुर्बीण घ्यायचं ठरलं.

तर दुर्बिणीत वस्तुभिंग असतं, आयपीस असतं, आणि तिसरं भिंग आपण घरून घेऊन येतो. निवड करताना या तिसऱ्याचा हिशेब कुणी करत नाही. तो करून बघू, कारण समोर बरेचसे आमच्याच वयाचे बसलेले आहेत.

तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. सत्तरीत साधारण पाच, कित्येकांची त्याहून कमी. आयपीसमधून प्रकाशाची जी बारीक शलाका बाहेर पडते तिची जाडी म्हणजे दुर्बिणीचा व्यास भागिले पट. ती पाचपेक्षा जाड झाली की कडेचा प्रकाश आपल्या बुबुळावर पडून वाया जातो. उलट ती एक मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की डोळ्यात तरंगणारे ठिपके आणि जाळ्या मधे मधे येतात; म्हाताऱ्या डोळ्यात त्या असतातच. म्हणजे आपल्या कामाची शलाका एक ते पाच मिलिमीटर. ७२ मिलिमीटरच्या दुर्बिणीला याचा अर्थ झाला सुमारे १४ पटीपासून ७२ पटीपर्यंत. पुस्तकात मिलिमीटरला दोन पट म्हणजे १४४ पर्यंत जाता येतं असं लिहिलेलं असतं, आणि चांगल्या रात्री तरुण डोळ्याला ते जमतंही. आपण ७२ वर समाधान मानायचं. ७२ पटीत शनीची कडी सुटी दिसते, गुरूचे पट्टे दिसतात, चंद्रावर तर रात्र पुरत नाही. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पटीत.

आमची पहिली दुर्बीण ज्या खोक्यातून आली त्यावर '५२५ पट' असं छापलेलं होतं. व्यास साठ. इतकी फुगवलेली प्रतिमा म्हणजे पातळ ताकात आणखी पाणी. मोठा आकडा छापलेला दिसला की ते खोकं खाली ठेवावं.

चष्म्याचंही सांगतो. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकस फिरवला की जुळतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर कमी पटीत चष्मा लावूनच बघावं लागतं, आणि त्यासाठी डोळा थोडा लांब ठेवून पाहता येईल असं आयपीस लागतं. 'आय रिलीफ' पंधरा-वीस मिलिमीटर आहे ना, हे विचारून घ्या. दुर्बिणीबरोबर फुकट येणारी आयपीसं बहुधा यात नापास होतात.

आता व्यास किती? ५० ते ६० ची दुर्बीण खांद्याच्या झोळीत मावते. १०० ची प्रकाश जवळजवळ दुप्पट देते ७२ च्या मानाने, पण नळी चार किलोच्या पुढे, तिला पेलणारा स्टँड त्याहून जड, आणि मग 'उद्या बघू' सुरू होतं. आमच्या मते मधला टप्पा, ७० ते ८० मिलिमीटर, एफ ६ च्या जवळपास, दोन भिंगांची ईडी, हाच 'दोन्ही' म्हणणाऱ्याचा टप्पा. उदाहरण म्हणून स्काय-वॉचरची इव्होस्टार ७२ घ्या: नाभीय अंतर ४२०, नळी दोन किलोच्या आसपास. २४ मिलिमीटरच्या रुंद आयपीसने साडेसतरा पट आणि जवळजवळ चार अंश आकाश. कृत्तिका पूर्ण, भोवती काळोख शिल्लक. देवयानी दीर्घिका या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाच मिलिमीटरच्या आयपीसने ८४ पट. टाकाहाशीची एफएस-६० ही साठीची, फ्लोराइटच्या भिंगाची, डोळ्याला अतिशय गोड, पण खिशाला तिखट. विल्यम ऑप्टिक्सची रेडकॅट ५१ तर मुळात कॅमेऱ्यासाठीच घडवलेली, २५० मिलिमीटरची. चंद्र-ग्रह डोळ्याने पाहायला तिच्याकडे जाऊ नये. यात जाहिरात नाही. प्रत्येक जातीचं एकेक नाव दिलं, एवढंच.

जिन्याची परीक्षा मात्र कुठल्याही दुर्बिणीला द्या. नळी, स्टँड, आयपीसची डबी आणि बसायला घडीची खुर्ची, हे सगळं दोन फेऱ्यांत वर गेलं पाहिजे. तिसरी फेरी लागली की महिन्यातून एकदा काढाल, चौथी लागली की ग्रहणालाच. खुर्ची विसरू नका. भिंगाच्या दुर्बिणीत डोळा खालच्या टोकाला लावायचा असतो, त्यामुळे डोक्यावरचा तारा बघताना आयपीस गुडघ्याच्या उंचीवर जातं. नव्वद अंशांत वळवणारा डायगोनल आणि खुर्ची नसेल तर मानेचं जे होतं ते आम्ही भोगलं आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. इथे प्रश्न दुर्बिणीचा उरतच नाही, ती ज्यावर बसते त्याचा होतो.

आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, म्हणजे सेकंदाला पंधरा विकला. ४२० मिलिमीटरच्या दुर्बिणीमागे हल्लीचा साधा सेन्सर लावला, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा, तर एका पिक्सेलमध्ये १.८५ विकला मावतात. भागाकार करा: स्टँड स्थिर ठेवला तर तारा एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर जायला सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो. आणि आपल्याला हवं आहे एक-दोन मिनिटांचं एक्स्पोजर. तेवढा वेळ यंत्राने ताऱ्याचा पाठलाग करायचा आणि चूक दोन विकलांच्या आत ठेवायची. दोन विकला म्हणजे किती? शनिवारवाड्याशी उभं राहून पर्वतीवर कुणी हातात नाणं धरलं असेल, तर त्या नाण्याची इकडची कड ते तिकडची कड. हे काम करणाऱ्या स्टँडला विषुववृत्तीय माउंट म्हणतात; त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि मोटर त्याभोवती नळी फिरवते. आम्ही पहिल्या वर्षी उत्तम दुर्बीण साध्या फोटोच्या ट्रायपॉडवर चढवली, मागे कॅमेरा टांगला. तारे शेवयांसारखे आले. दोष दुर्बिणीचा नव्हता आणि ट्रायपॉडचाही नव्हता. पैसे कुठे घालायचे याचं गणितच चुकलं होतं. आणि गणिताच्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, हे नोंदवून ठेवायला आम्हाला आज बजावलेलं आहे.

तेव्हा फोटो काढायचे असतील तर निम्म्याहून जास्त पैसे माउंटला ठेवा. त्यावर पाच किलो क्षमता लिहिली असेल तर फोटोसाठी अडीच-तीनच धरा. त्या अडीच-तीनमध्ये नळी, कॅमेरा, मार्गदर्शनाची छोटी दुर्बीण आणि तारा सगळं मोजायचं. छोटी दुर्बीण घेण्याचं खरं कारण इथे कळतं. नळी हलकी आणि नाभीय अंतर कमी, तर चूकही कमी दिसते आणि माउंटही परवडण्यासारखं राहतं.

आपल्याकडची एक खास अडचण लक्षात ठेवा. ध्रुवतारा क्षितिजापासून तितकाच वर असतो जितका आपला अक्षांश. पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत एकोणीस. युरोपात तो डोक्याच्या दिशेने दिसतो, आपल्याकडे शेजारच्या इमारतीच्या टाकीमागे. शिवाय अक्ष इतका खाली झुकवला की काही माउंटचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. बहुतेक यंत्रं जास्त अक्षांशाच्या देशांतल्या गिऱ्हाइकाचा विचार करून घडवलेली. घेण्यापूर्वी विचारा की अठरा-वीस अंशांवर हे नीट बसतं का. ध्रुवतारा दिसतच नसेल तर कॅमेरा आणि सॉफ्टवेअर वापरून इतर ताऱ्यांवरून अक्ष जुळवण्याची सोय हल्ली आहे. पण गच्चीला उत्तर मोकळी असेल तर तिच्यासारखं सुख नाही.

बाकीचं भराभर सांगतो. भिंगाची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वक्र असते. डोळा ते सांभाळून घेतो, सपाट सेन्सर घेत नाही, म्हणून कोपऱ्यातले तारे लांबट येतात. त्यासाठी फ्लॅटनर नावाचं जास्तीचं भिंग लागतं आणि ते सेन्सरपासून नेमक्या अंतरावर, बहुधा ५५ मिलिमीटरवर, बसवावं लागतं. दुर्बिणीबरोबर तिच्या मापाचा फ्लॅटनर मिळतो का, ते आधीच बघा. फोकसर कॅमेऱ्याच्या वजनाने घसरता कामा नये. दुकानात कॅमेरा लावून नळी उभी धरा आणि बघा. फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क म्हणून एक जाळीदार झाकण मिळतं, ते स्वस्त आहे आणि रडगाणं वाचवतं. दोन भिंगांच्या ईडीने काढलेल्या फोटोत तेजस्वी ताऱ्यांभोवती थोडं निळं वलय येईल, कारण कॅमेऱ्याला जांभळा प्रकाश आपल्यापेक्षा जास्त कळतो. ते अजिबात नको असेल तर तीन भिंगांची घ्यावी लागते, जी जड आणि महाग असते आणि थंड हवेत स्थिरावायला वेळ घेते. आम्ही वलयासकट राहतो.

हे ऐकून कुणी म्हणेल, इतकी यातायात कशाला? आता स्मार्ट दुर्बिणी आल्या आहेत. खरं आहे. सीस्टार एस५० घ्या: ५० मिलिमीटरचं भिंग, २५० नाभीय अंतर, माउंट, कॅमेरा, संगणक सगळं एका अडीच किलोच्या डब्यात. फोनवर 'देवयानी' निवडा, ती स्वतः शोधते, दहा-दहा सेकंदांची चित्रं रचत जाते, आणि दहा मिनिटांत फोनवर दीर्घिका. शहरातूनसुद्धा. फक्त फोटोच हवे असतील, गुडघे दुखत असतील, तर आम्ही म्हणू हीच घ्या. वर सांगितलेलं सगळं विसरा. फक्त तिला आयपीस नाही. डोळा लावायला जागाच नाही.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला थोडं थांबू द्या, तसंही त्याचं दुकान बंद आहे. पाडुआ विद्यापीठात गॅलिलिओचा एक सहकारी होता, सेझारे क्रेमोनिनी, तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक. त्याने दुर्बिणीतून बघायचं नाकारलं. या काचांनी डोकं गरगरतं असं तो म्हणाल्याचं सांगतात. आमच्या व्यवसायाची त्यावरून चारशे वर्षं थट्टा चालली आहे. पण त्याचा प्रश्न अगदीच मूर्खपणाचा नव्हता: नळीत जे दिसतं ते तिथे आहे कशावरून? बास व्हान फ्रासेन यांनी १९८०च्या 'द सायंटिफिक इमेज' या पुस्तकात याचं एक उत्तर दिलं. गुरूचे चंद्र दुर्बिणीतून दिसणं हे पाहणंच, कारण तिथे जवळ गेलो तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतील. मग तेजोमेघाच्या गुलाबी रंगाचं काय? जवळ गेलात तरी तो डोळ्याला तसा भडक दिसणार नाही. तिथेही प्रकाश विरळच. आपल्याकडे नैयायिक प्रत्यक्ष मानतात ते इंद्रिय आणि वस्तू यांच्या संपर्कातून झालेलं ज्ञान. आयपीसमध्ये देवयानीचा सुमारे पंचवीस लाख वर्षांचा प्रकाश स्वतः येऊन डोळ्याच्या पडद्यावर पडतो. फोनवर जो पडतो तो फोनचा प्रकाश. चित्र खरं असतं, माहिती जास्त असते, पण ते आमच्या हिशेबी अनुमानाच्या बाजूला झुकतं. घरातल्या गणिताला हे पटत नाही. तिचं म्हणणं, डोळासुद्धा सेन्सरच, फक्त जुना. यावर आमचा निकाल लागलेला नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे दोन्ही करणारी दुर्बीण आहे.

तर आमचा सल्ला असा. ७०-८० ची ईडी घ्या, साधा पण न डगमगणारा वर-खाली, डावी-उजवी फिरणारा स्टँड घ्या, दोन चांगली आयपीसं घ्या, आणि एक वर्ष कॅमेरा लावू नका. एक वर्ष म्हणजे आपल्याकडे खरं तर आठ महिने. जून ते सप्टेंबर आकाश बंद. तेवढ्यात कळतं की आपण बघणारे आहोत की टिपणारे. टिपणारे निघालात तर माउंट पुढच्या वर्षी घ्या, नळी तीच चालेल. सुरुवातीलाच सगळं एकदम घेणाऱ्यांची यंत्रं आम्ही अर्ध्या किमतीत विकली जाताना पाहिली आहेत. तुम्हीही तशी सेकंडहँड घेऊ शकता, फक्त भिंगावर तिरका टॉर्च मारून बुरशी आहे का ते बघून. आणि घेण्यापूर्वी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाच्या रात्री तुम्हाला एखादा तरी आढळेल जो हौसेने आपल्या दुर्बिणीची सगळी कहाणी ऐकवेल.

बुरशीचं नाव निघालंच आहे. आपल्या पावसाळ्यात दुर्बिणीचा खरा शत्रू ढग नाही, दमट हवा. फोमच्या सुंदर पेटीत जूनमध्ये बंद केलेली दुर्बीण ऑक्टोबरात उघडली तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि पुसून जात नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, महिन्यातून एकदा जेल वाळवायचं. कोकणात राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून.

सूर्याबद्दल बोलल्याशिवाय उतरणार नाही. सूर्याकडे दुर्बीण वळवायची तर फिल्टर पुढच्या तोंडाला, वस्तुभिंगावर, घट्ट बसवलेला. जुन्या खोक्यांत आयपीसला लावायची एक काळी काच येते. ती उष्णतेने तडकते आणि डोळा जातो. मिळाली तर फोडून टाका. येत्या २ ऑगस्ट २०२७ ला स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून खग्रास सूर्यग्रहण जाणार आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूला खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त आहे. आपल्याकडे ते खंडग्रास, आणि तेही ऑगस्टच्या ढगांत. तिकडे जाणाऱ्यांनी हिशेब करून ठेवा: ७२ ची नळी विमानात हातातल्या बॅगेत मावते, आणि ४२० मिलिमीटरवर सूर्यबिंब सेन्सरवर चार मिलिमीटरचं पडतं, म्हणजे भोवतीच्या प्रभामंडळाला भरपूर जागा. आम्ही दोघं जायचं म्हणतो आहोत. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्यायचं आहे.

प्रश्न वरच घेऊ. गच्चीवर दुर्बीण लावून ठेवली आहे, चंद्र पश्चिमेला आहे, साधारण पाऊण तास मिळेल. जिन्यात दिवा आहे, पण वर आल्यावर मोबाइलचे टॉर्च बंद ठेवा. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो काढायचा की ठेवायचा हे मघाशी सांगितलं आहे. आणि मोतीबिंदूचं एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर त्यांनी आधी आम्हाला भेटा. खाली ती जुनी ॲक्रोमॅटसुद्धा आणली आहे, तीही लावू.